पान्हा: फुंकणीपासून संप्रेरकापर्यंत

तंजावरच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर कावेरीच्या काठी तिरुवैयारु वसले आहे. नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे गाव. कावेरी आणि तिच्या फाट्यांचे पाणी या परिसरात पाच नावांनी वाहते आणि सगळा मुलूख भातखाचरांचा होऊन जातो. संगीताच्या जगात हे गाव त्यागराजांच्या समाधीमुळे ओळखले जाते. मराठी वाचकाला तेथील घाटांवर आणि कल्याण महालावर तंजावरच्या भोसले राजांच्या खुणा सापडतात. तमिळ शैव परंपरेत मात्र या गावाची आणखी एक ओळख आहे. नंदी येथला. शिलाद ऋषीचा हा पुत्र तिरुवैयारुत वाढला, शिवाच्या गणांचा अधिपती झाला आणि त्याचे लग्न जवळच्या तिरुमळपाडीला लागले, अशी कथा आहे. आजही दर वर्षी वऱ्हाड निघते आणि नंदीचा विवाहसोहळा साजरा होतो.

नंदीच्या या मुलखातली गुरे मात्र दुधाळ म्हणून कधी नावाजली गेली नाहीत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाची स्वतःची गोजात आहे: उंबळाचेरी. लहान चणीची, काटक, गुडघाभर चिखलात नांगर ओढणारी. वासरू जन्मते तेव्हा तांबूस असते आणि काही महिन्यांत राखाडी होत जाते. बैलांची शिंगे काढून टाकण्याची चाल येथे जुनी आहे, म्हणून तमिळमध्ये त्यांना ‘मोट्टै माडु’, म्हणजे बोडकी गुरे, असेही म्हणतात. पोंगलच्या सणात गुरांची शिंगे रंगवण्याचा एक दिवस असतो आणि या मुलखातल्या बैलांना रंगवायला शिंगेच नसतात, ही गंमत वेगळीच. उंबळाचेरी गाय दिवसाला दोन लिटरच्या आसपास दूध देते, आणि तेही वासरू जवळ असेल तर.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. मराठीत त्यासाठी एक नेमका शब्द आहे: पान्हा. कासेत दूध असणे वेगळे आणि ते सडांत उतरणे वेगळे, हा भेद भाषेने प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी ओळखला होता. वासरू ढुशी देते, दोन-चार घोट पिते, गाय त्याला चाटते आणि मग ती पान्हवते. वासरू दूर ठेवले, माणूस अनोळखी असला, गोठ्यात गडबड असली, तर ती पान्हा चोरते. युरोपातल्या गायींनी शेकडो वर्षांच्या निवडीत ही अट बऱ्याच अंशी सोडून दिली. भारतीय वशिंडाच्या गायी आणि म्हशी यांनी सोडली नाही. म्हणून वासरू दगावले की शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत त्यावर एकच जुना उपाय होता. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरायचा आणि ते धड गायीसमोर उभे करायचे. ती त्याला हुंगते, चाटते आणि दूध देते.

गायी-म्हशींना टोचल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा इतिहास सहसा परदेशी कंपन्यांपासून सांगितला जातो. भारतात तो या पेंढ्याच्या वासरापासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल. आईला फसवून दूध मिळवता येते, ही कल्पना जुनी आहे. बदलत गेले ते फसवण्याचे साधन.

त्या साधनांतले सर्वांत क्रूर साधन म्हणजे फुका. गायीच्या किंवा म्हशीच्या योनिमार्गात पोकळ नळी घालून जोराने हवा फुंकायची, की काही क्षणांत दूध उतरते. हा शोध एकट्या भारताचा नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने सिथियन लोकांविषयी लिहिले आहे की ते हाडाच्या नळ्यांनी घोडीच्या शरीरात हवा फुंकतात आणि त्याच वेळी दुसरा माणूस दूध काढतो. भारतात फुका विशेष बोभाटा झाला तो एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात. शहर वाढले, दुधाची मागणी वाढली, गवळी व्यालेली गाय विकत आणू लागले आणि जागा व चारा वाचवण्यासाठी वासरू लवकरच नाहीसे होऊ लागले. वासरू नाही म्हणजे पान्हा नाही, आणि पान्हा नाही म्हणून फुका. १८९०च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्यात या कृत्याला नावानिशी गुन्हा ठरवावे लागले, यावरून त्याचा प्रसार कळतो.

दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींच्या हाती कलकत्त्याहून आलेले काही साहित्य पडले. गवळी गायी-म्हशींना कसे छळतात याचे त्यात वर्णन होते. दूध हा माणसाचा नैसर्गिक आहार नाही, असे त्यांचे मत आधीच बनत चालले होते. या वर्णनाने ते पक्के केले. १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि हर्मन कॅलेनबाख यांनी दूध सोडले. पुढे खेड्याच्या मोहिमेनंतर गांधीजी मरणाच्या दारात पोहोचले आणि १९१९च्या आरंभी कस्तुरबांनी तोड काढली की व्रत गायी-म्हशींच्या दुधाचे होते, शेळीच्या दुधाचे नव्हे. गांधीजींनी ते मानले आणि आत्मकथेत त्याबद्दलची टोचणीही लिहून ठेवली. शेळीच्या दुधाची कथा सर्वांना ठाऊक असते; तिच्या मुळाशी कलकत्त्याच्या गोठ्यातली फुंकणी होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

फुका का चालतो, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. उत्तर शोधायला दुसऱ्याच वाटेने जावे लागले. १९०६ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांना आढळले की पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला की मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. चारच वर्षांनी अमेरिकेत ऑट आणि स्कॉट यांनी तसाच अर्क दूध देणाऱ्या शेळीला टोचला आणि दुधाची धार लागली. एकच द्रव्य प्रसूती घडवते आणि दूधही उतरवते, ही गोष्ट त्या काळी विलक्षण वाटली असणार. त्याला नाव मिळाले ऑक्सिटोसिन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो शीघ्र प्रसव. मराठी पारिभाषिक शब्द तर त्याहून सरस निघाला. पिट्युटरीला मराठीत पीयूषिका म्हणतात, आणि पीयूष या संस्कृत शब्दाचा अमृताखेरीज आणखी एक अर्थ आहे: नुकत्याच व्यालेल्या गायीचे पहिले दूध, म्हणजे आपला चीक. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता की नव्हता, कोण जाणे. पण नाव अचूक बसले.

१९४१ हे या कथेतले महत्त्वाचे वर्ष. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एली आणि पीटरसन यांनी गायीच्या अर्ध्या कासेकडे जाणाऱ्या मज्जातंतू कापल्या. तरीही सगळ्या कासेत दूध उतरले. म्हणजे पान्ह्याचा निरोप मज्जातंतूंवाटे कासेपर्यंत जात नाही, रक्तावाटे जातो. मग त्यांनी उलट प्रयोग केला. दूध काढण्याच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. गाय बिथरली आणि दूध अडले. भीतीने शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते आणि ते पान्ह्याचे संप्रेरक निष्प्रभ करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या गायीला कोणत्याही भारतीय गवळ्याने ‘पान्हा चोरणारी’ म्हटले असते, तिची चोरी प्रयोगशाळेत पहिल्यांदा उलगडली ती अशी.

त्याच वर्षी टोरांटोत जे. के. डब्ल्यू. फर्ग्युसन यांनी दाखवले की गर्भाशयाचे मुख ताणले गेले की मेंदूकडे संदेश जातो आणि पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके हेच काम करते. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत आज याला फर्ग्युसन प्रतिक्षेप म्हणतात. १९५०च्या दशकाच्या आरंभी इलिनॉय विद्यापीठात गायीच्या जननमार्गाला उत्तेजन दिल्यास कासेत दूध उतरते हेही नोंदले गेले. फुक्याचे रहस्य इथे सुटले. फुंकलेली हवा गायीच्या शरीराला खोटी वेण देत होती. पेंढ्याचे वासरू डोळ्यांना आणि नाकाला फसवत होते. फुंकणी थेट गर्भाशयाला फसवत होती.

पुढचे पाऊल उघड होते. नळीची गरजच काय? १९५३ साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिनची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयार केले. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ती साखळी. प्रयोगशाळेत घडवलेले ते पहिले पेप्टाइड संप्रेरक. १९५५चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. प्रसूतीनंतर रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रियांसाठी हे वरदान होते आणि आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान आहे. स्वस्त झाल्यावर तेच औषध गोठ्यातही पोहोचले. सुई टोचली की दोन मिनिटांत पान्हा. वासराचे काम उरले नाही.

भारतीय कायद्याने या वळणाची दखल घेतली, आणि त्यात तंजावरचा एक धागा येतो. सरफोजी राजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार बंधू होते. आजच्या भरतनाट्यमचा क्रम त्यांनी बसवला. ती परंपरा विसाव्या शतकात ज्यांनी नव्याने रंगमंचावर आणली त्यांच्यात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे नाव अग्रभागी येते. राज्यसभेत नियुक्त सदस्य म्हणून आल्यावर त्यांनी प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध खासगी विधेयक मांडले. पंडित नेहरूंच्या आश्वासनावर ते मागे घेतले गेले, समिती नेमली गेली आणि अखेर १९६०चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. पुढे पशुकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच झाल्या. या कायद्याचे बारावे कलम फुका आणि ‘दूम देव’ यांना गुन्हा ठरवते. १९८२च्या दुरुस्तीने त्यात दूध वाढवण्यासाठी केलेली, जनावराच्या आरोग्याला घातक ठरणारी कोणतीही क्रिया समाविष्ट झाली, आणि कंसात शब्द आले: कोणताही पदार्थ टोचण्यासह. नळीकडून सुईकडे झालेला प्रवास कायद्याच्या एका कंसात नोंदला गेला आहे.

आता कथेची दुसरी शाखा. ऑक्सिटोसिन तयार झालेले दूध उतरवते. अधिक दूध तयार करणारे संप्रेरक निराळे. बातम्यांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. १९३७ साली सोव्हिएत रशियात असिमोव आणि क्रूझे यांनी पीयूषिकेच्या पुढच्या भागाचा अर्क शेकडो गायींना टोचला आणि त्यांचे दूध वाढले. दुसऱ्या महायुद्धात दुधाच्या टंचाईने ग्रासलेल्या ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांनी ही वाट चाचपून पाहिली. वाढीचे संप्रेरक, म्हणजे सोमॅटोट्रोपिन, हेच ते प्रभावी द्रव्य, असे निघाले. पण ते मिळवायचे कुठून? कत्तलखान्यातल्या गुरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून. सगळ्या देशाच्या ग्रंथी गोळा केल्या तरी दुधाच्या टंचाईत फरक पडण्यासारखा नव्हता. कल्पना चाळीस वर्षे पडून राहिली.

तिला जीवदान दिले जनुक अभियांत्रिकीने. गायीच्या वाढ-संप्रेरकाचे जनुक जिवाणूत घालून ते हवे तेवढे बनवता येऊ लागले. १९८२ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डेल बॉमन आणि सहकाऱ्यांनी अशा संप्रेरकाचा गायींवरचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. ५ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मॉन्सँटोच्या ‘पोसिलॅक’ला मान्यता दिली आणि फेब्रुवारी १९९४ पासून विक्री सुरू झाली. दर चौदा दिवसांनी एक इंजेक्शन. औषध शरीरात हळूहळू सुटत राहावे म्हणून ते तेलात कालवलेले असे, आणि ते तेल होते तिळाचे. तंजावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात असणारे तेल अमेरिकेतल्या सर्वांत वादग्रस्त पशुऔषधाचे माध्यम व्हावे, हा योगायोग मोठा चमत्कारिक.

वाद दोन होते आणि ते एकमेकांत मिसळले गेले. पहिला माणसाच्या आरोग्याचा. येथे जुना पुरावा हाताशी होता. १९५०च्या दशकात खुज्या मुलांची उंची वाढवण्यासाठी गायीचे वाढ-संप्रेरक वापरून पाहिले गेले आणि ते चालले नाही; माणसाच्या शरीराला ते ओळखूच येत नाही. शिवाय प्रथिन असल्यामुळे पोटात गेल्यावर त्याचे पचन होते. दुसरा वाद गायीच्या आरोग्याचा, आणि तो खरा होता. औषधाच्या वेष्टनावरच कासदाह वाढण्याचा इशारा छापलेला असे. कॅनडाने जानेवारी १९९९ मध्ये या औषधाला नकार दिला तो मुख्यतः या कारणाने. युरोपीय संघाने २००० पासून त्यावर कायमची बंदी घातली, त्यातही जनावराच्या हालांचा विचार होता. जनमानसात मात्र ‘दुधातले हार्मोन’ हाच मुद्दा राहिला. माणसाला स्वतःच्या पेल्याची काळजी गायीच्या कासेपेक्षा आधी वाटते.

त्वचेखाली बसवायच्या गोळीरूपी रोपणांचा प्रकार आणखी निराळा. त्यांना सरसकट ग्रोथ हार्मोन म्हटले जाते, ते चुकीचे आहे. ती बहुतांशी स्त्री-पुरुष संप्रेरकांच्या जातीची, स्टेरॉइडसदृश द्रव्ये असतात, आणि ती मांसासाठी पोसलेल्या गुरांसाठी. १९५४ साली आयोवात वाइझ बरोज यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम द्रव्य खाद्यातून देऊन गुरांचे वजन वेगाने वाढते असे दाखवले. पाठोपाठ रोपणे आली. तांदळाच्या दाण्याएवढ्या गोळ्या सुईने कानाच्या मागच्या बाजूला, कातडीखाली सरकवायच्या. कानच का? कारण कत्तलीनंतर कान टाकून दिला जातो आणि औषधाचा उरलेला अंश खाण्यात येत नाही. डीईएसची कथा मात्र वाईट शेवटाला गेली. गर्भपात टळावा म्हणून हेच औषध गरोदर स्त्रियांना दिले जात होते. १९७१ मध्ये त्यांच्या मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला. १९७९ मध्ये अमेरिकेने गुरांसाठीही डीईएसवर बंदी घातली. इतर रोपणे राहिली. युरोपने १९८९ च्या आरंभापासून अशा मांसाची आयात थांबवली आणि अमेरिका व युरोप यांच्यातला हा तंटा जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला.

भारतात रोपणे रुजली नाहीत, कारण त्यांना लागणारी व्यवस्थाच येथे नव्हती. हजारो गुरे एका वाड्यात मक्यावर पोसायची आणि ठरावीक वजनाला कापायची, असा धंदा असेल तरच रोपणाचा हिशेब जमतो. वाढ-संप्रेरकाची गोष्ट थोडी वेगळी. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत मुऱ्हा म्हशींवर त्याचे प्रयोग झाले, १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि दूध वाढल्याचे दिसले. तरीही अमेरिकेसारखे त्याचे राज्य येथे आले नाही. सोमॅटोट्रोपिन अन्न निर्माण करत नाही. खाल्लेले अन्न चरबी-मांसाकडून कासेकडे वळवते. गायीपुढे पेंड, मका आणि हिरवा चारा असेल तर वळवायला काही असते. त्रिभुज प्रदेशातली गाय वर्षाचा मोठा भाग भाताच्या पेंढ्यावर काढते. तिच्या शरीरातून वळवणार काय? हाडांवरचे मांस.

म्हणून भारतीय गोठ्यात जिंकले ते ऑक्सिटोसिन. ते स्वस्त होते, लगेच परिणाम दाखवत होते आणि एका विशिष्ट अडचणीवर नेमके बसत होते: वासराची अनुपस्थिती. याचा सर्वांत स्पष्ट नमुना शहरी तबेल्यात दिसतो. मुंबईत १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली ती शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठीच. शहरी तबेल्याचे अर्थशास्त्र कलकत्त्याच्या जुन्या गवळ्याचेच आहे. व्यालेली म्हैस आणायची, दूध असेपर्यंत ठेवायची, आटली की विकायची. पारडू, त्यातही रेडा, जगवणे परवडत नाही. तो पिईल ते दूध विकता येते. पारडू गेले की म्हैस पान्हवत नाही, आणि सुई येते. सुईने कासेत एरवी मागे राहणारे, दहा ते वीस टक्के दूधही निघते. रोज टोचत राहिले की म्हैस सुईशिवाय पान्हवेनाशी होते. मग हा व्यवहार तिच्या भाकड होण्यापर्यंत सुटत नाही.

जनतेत भीती पसरली ती निराळ्याच गोष्टीची. या दुधाने मुली लवकर वयात येतात, मुलांना स्तन येतात, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपासणी केली, तेव्हा टोचलेल्या आणि न टोचलेल्या जनावरांच्या दुधात ऑक्सिटोसिनचे प्रमाण लक्षणीय वेगळे आढळले नाही. रक्तात ते काही मिनिटांतच विरते आणि पोटात गेलेले पचून जाते. लवकर वयात येण्याशी त्याचा संबंध जोडणारा पुरावा नाही. हानी होते ती जनावराची आणि त्याच्या पिलाची.

चुकीच्या भीतीतून चुकीचा उपाय निघतो, आणि तो किती महाग पडू शकतो हे २०१८ साली दिसले. २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने ऑक्सिटोसिनच्या गैरवापराची स्वतःहून दखल घेतली होती. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने या औषधाची आयात बंद केली आणि देशातल्या वापरासाठी ते बनवण्यास खासगी कंपन्यांना मनाई केली. उत्पादन एकाच सरकारी कंपनीकडे राहणार होते: कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स. बंदीची तारीख आधी १ जुलै, मग १ सप्टेंबर अशी ढकलली गेली.

प्रसूतितज्ज्ञांचे धाबे दणाणले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे भारतातल्या मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, आणि त्यावर पहिला हात ऑक्सिटोसिनकडेच जातो. तंजावरच्या राजा मिरासदार रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात किंवा तिरुवैयारुच्या आसपासच्या एखाद्या प्राथमिक केंद्रात, रक्त थांबेनासे झाले तर हाताशी काही मिनिटेच असतात. साऱ्या देशाचा पुरवठा एका कारखान्यावर टांगला आणि तिथले यंत्र बिघडले तर? ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क ही संघटना आणि काही औषध कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्या. रवींद्र भट आणि न्या. ए. के. चावला यांनी सरकारचा आदेश मनमानी ठरवून रद्द केला. परवानाधारक कंपन्यांचे औषध गोठ्यांकडे वळते, याचा शास्त्रीय आधार सरकार दाखवू शकले नाही, आणि स्त्रियांच्या जिवाला होणाऱ्या धोक्याचा पुरेसा विचारही झाला नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवले गेले.

गोठ्यात येणारे ऑक्सिटोसिन बहुतांशी लेबल नसलेल्या बाटल्यांतले, चोरट्या मार्गाने बनलेले किंवा आणलेले. परवानाधारक कारखान्यांना टाळे लावल्याने ते थांबणार नव्हते. जो कायदा ते थांबवू शकतो तो १९६० पासून हाताशी आहे. बाराव्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैदेची आणि जनावर सरकारजमा करण्याची तरतूद आहे. तबेल्याच्या दारात उभे राहून ते कलम लावायला पोलीस आणि पशुवैद्य लागतात. अधिसूचना काढणे त्यापेक्षा सोपे असते.

तंजावरच्या दक्षिणेला, त्याच त्रिभुज प्रदेशाच्या कडेला ओरत्तनाडु आहे. त्याचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम. सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ येथे छत्र बांधले. १८०१ साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी आपल्या छत्रांतल्या व्यवस्थेचे वर्णन केले आहे: वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य, तान्ह्या मुलांना दूध, आणि वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची देखभाल. राजाने तंजावरात चालवलेल्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे बनत. सरस्वती महाल ग्रंथालयात आजही गजशास्त्र आणि अश्वशास्त्र यांच्या पोथ्या आहेत.

आता ओरत्तनाडुला तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, आणि कोरुक्कैच्या सरकारी पशुपैदास केंद्रात उंबळाचेरीचे कळप जपले जातात. तिथली गाय अजूनही वासराशिवाय पान्हवत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून या जातीच्या बैलांना काम उरलेले नाही आणि दोन लिटर दुधासाठी कोणी तिला पाळू इच्छित नाही. जर्सीच्या संकराने तिची जागा घेतली आहे. कोरुक्कैच्या गोठ्यात जन्मलेली वासरे मात्र आईजवळ असतात, आणि त्यांचा तांबूस रंग पहिल्या काही महिन्यांत हळूहळू राखाडी होत जातो.